घरच्या कॉम्प्युटरसाठी एसएसडी कशी निवडावी



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला कॉम्प्युटर आहे. भारतातल्या नातेवाइकांशी बोलायला, मराठी बातम्या वाचायला, बँकेची आणि कुपत होलीमची कामं करायला तो लागतो. घेतला तेव्हा तो चांगला चालायचा. आता बटण दाबलं की चहा होऊन, पिऊन, कप धुऊन होतो तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असतं. मुलं म्हणतात, "टाकून द्या, नवीन घ्या." दुकानदार म्हणतो, "एसएसडी टाका." आणि आपल्याला वाटतं, आत सगळे फोटो आहेत, त्यांचं काय होणार?

या लेखात एसएसडी म्हणजे काय, आपल्याला ती हवी की नको, हवी असली तर कोणती, आणि बदलताना काय सांभाळायचं, हे क्रमाने लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. एसएसडीने जुना कॉम्प्युटर पळायला लागतो, पण आत ठेवलेल्या वस्तू त्यामुळे जास्त सुरक्षित होत नाहीत. त्या सुरक्षित राहतात दुसरी प्रत ठेवल्याने. म्हणून डिस्क निवडणं आणि प्रत काढणं, ही दोन्ही कामं जोडीनेच करायची आहेत.

एसएसडी म्हणजे काय

कॉम्प्युटर बंद केला तरी आपले फोटो, पत्रं, कागदपत्रं ज्या जागी राहतात ती जागा म्हणजे डिस्क. इथे दुकानात तिला 'दिस्क काशियाह' किंवा 'कोनेन' म्हणतात. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून जेमतेम ५ एमबी माहिती मावायची. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो साधारण तेवढाच असतो.

घरातली जुनी हार्ड डिस्क याच जातीची, फक्त आकाराने लहान. तिच्यात तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. वर एक बारीक दांडी पुढे-मागे सरकून माहिती वाचते, ग्रामोफोनच्या सुईसारखी, फक्त ही तबकडीला टेकत नाही. हवी ती जागा गाठायला दांडीला दर वेळी सेकंदाचा शंभरावा भाग किंवा थोडा जास्त वेळ लागतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचाव्या लागतात आणि दांडी प्रत्येकीसाठी धावते. आपण पडद्यापुढे बसून वाट बघतो ती या धावपळीची.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. आत काळ्या चिपा असतात आणि माहिती त्यात विजेच्या भारावर राहते. हवी ती जागा तिला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात सापडते, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा शंभरेक पट लवकर. आवाज नाही, थरथर नाही, वजन कमी, आणि लॅपटॉप हलला-आपटला तरी तबकडीला दांडी घासण्याची भीती नाही.

या चिपांना फ्लॅश मेमरी म्हणतात. ती जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात शोधली. आपल्याला ती अनोळखी नाही. इस्रायलमध्ये खिशातल्या छोट्या मेमरीला सगळे 'डिस्क-ऑन-की' म्हणतात, तिच्यातही हीच फ्लॅश असते. ते नाव कफार सबाच्या एम-सिस्टिम्स कंपनीच्या मालाचं. डोव्ह मोरान यांच्या या कंपनीने तो २००० साली बाजारात आणला. पुढे २००६ साली कंपनी सॅनडिस्कने विकत घेतली, पण नाव लोकांच्या तोंडी राहिलं. एसएसडी म्हणजे त्याच घरातली मोठी, मजबूत बहीण. तिच्यात कंट्रोलर नावाची एक वेगळी चिप असते. ती सगळ्या चिपा सारख्या वापरते, एकाच जागी झीज होऊ देत नाही.

आधी तपासणी, मग औषध

वॉर्डात आम्ही ताप आहे म्हणून लगेच गोळी देत नव्हतो. आधी तापमान, नाडी, रक्तदाब, मग पुढचं. कॉम्प्युटर हळू चालतो याचीही कारणं अनेक असतात. म्हणून पैसे खर्च करण्याआधी पाच मिनिटं तपासणी करा.

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. कॉम्प्युटर हिब्रूत असेल तर वर 'मेनाहेल हामेसिमोत' असं दिसेल. त्यात 'परफॉर्मन्स', म्हणजे हिब्रूतलं 'बित्सुइम', यावर क्लिक करा. तिथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, डिस्क. तिच्या नावाखाली एचडीडी लिहिलं असेल तर ती जुन्या पद्धतीची फिरणारी डिस्क. एसएसडी लिहिलं असेल तर तुमच्याकडे ती आधीच आहे, दुखणं दुसरीकडे आहे. एचडीडी आहे आणि काही काम चालू नसतानाही तिचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांच्या आसपास राहतो, तर डिस्क बदलल्याने नक्की फरक पडेल.

दुसरी, मेमरी, म्हणजे रॅम. ती ४ जीबी असेल तर आजच्या कामाला तोकडी आहे. नुसती डिस्क बदलून पूर्ण गुण येणार नाही. उघडलाच आहे कॉम्प्युटर, तर रॅमही ८ जीबी करता येईल का, ते विचारा.

तिसरी, डिस्क भरलेली आहे का. काही लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, पण १२८ जीबीची, आणि ती काठोकाठ भरलेली असते. तिथे मोठी डिस्क लागेल, किंवा नुसती साफसफाई पुरेल. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी नावाची मेमरी असते. ती बोर्डाला डाग देऊन चिकटवलेली असते, ती बदलता येत नाही.

आता वयाचा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सेवा थांबवली. विंडोज ११ साठी साधारण २०१८ नंतरचा कॉम्प्युटर लागतो. तुमचा त्यात बसतो की नाही हे मायक्रोसॉफ्टचाच 'पीसी हेल्थ चेक' नावाचा मोफत प्रोग्राम सांगतो. बसत असेल तर एसएसडीचा खर्च करायला हरकत नाही, मशीन आणखी काही वर्षं सुखाने चालेल. बसत नसेल तर खर्च करण्याआधी मुलांशी बोला. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम करायचं, त्याला सुरक्षेची डागडुजी मिळत राहिली पाहिजे. तशा जुन्या मशीनवर एसएसडी बसवून लिनक्स ही मोफत प्रणाली घालणारेही पुष्कळ आहेत, पण ती बसवून देणारं आणि अडलं तर विचारायला कोणीतरी हाताशी हवं.

आकार जुळला पाहिजे

एसएसडी निवडताना सगळ्यात आधी आकार बघायचा. वेग, किंमत, कंपनी हे सगळं नंतर. आकार जुळला नाही तर उत्तम डिस्कही बसणारच नाही. घरगुती कॉम्प्युटरसाठी मुख्य दोन आकार आहेत.

एक, अडीच इंची सॅटा. पत्त्यांच्या कॅटएवढी, पण चपटी डबी. जाडी ७ मिलिमीटर. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढली की तिच्याच जागी ही बसते. टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये, ज्याला इथे 'मखशेव नायाह' म्हणतात, साडेतीन इंची डिस्कची जागा असते. तिथे एक साधी पट्टी लावून ही बसवतात. एक सॅटाची वायर वेगळी लागू शकते, ती डबीत येत नाही, दुकानात मागून घ्यावी लागते.

दोन, एम.२. च्युइंगगमच्या पट्टीसारखी लांबट, उघडी पट्टी. बहुतेकांची रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर, म्हणून तिला २२८० म्हणतात. काही छोट्या लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० म्हणजे आखूड पट्टी लागते. गेल्या सात-आठ वर्षांतल्या पुष्कळ मशीनमध्ये ही जागा असते. कधी कधी आत हार्ड डिस्क बसवलेली असते आणि बाजूला एम.२ ची जागा रिकामीच असते. असं असेल तर छानच. नवीन पट्टीवर विंडोज ठेवायचं आणि जुनी डिस्क तिथेच राहू द्यायची.

एम.२ मध्ये एक मेख आहे. पट्टी दिसायला तीच, पण बोलायच्या भाषा दोन. काही पट्ट्या सॅटाने बोलतात, काही एनव्हीएमईने. मशीनला यातली कोणती समजते ते बघूनच घ्यावी लागते. नुसतं 'एम.२ द्या' म्हणून दुकानातून आणू नका.

मशीनचं नेमकं मॉडेल कसं कळणार? विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, छोट्या चौकटीत एमएसइन्फो३२ हे नाव इंग्रजीत एकसंध टाइप करा आणि एंटर मारा. जे पान उघडेल त्यावर कंपनीचं नाव आणि मॉडेल लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या पोटावरच्या लेबलवरही असतं. मोबाइलवर त्याचा फोटो काढा. तो फोटो दाखवला की दुकानदार किंवा नातू नेमका आकार शोधून देऊ शकतो.

अॅपलच्या मशीनचं वेगळं आहे. २०१२ च्या आसपासच्या जाड मॅकबुक प्रोमध्ये अडीच इंची डिस्क बदलता येते. अलीकडच्या मॅकबुकमध्ये चिपा बोर्डालाच जोडलेल्या असतात, तिथे बदलाबदली नाही. आयमॅक उघडायचा तर पडदा सोडवावा लागतो, ते घरी करायचं काम नव्हे. अशांना बाहेरून यूएसबीने जोडायची एसएसडी हाच सोपा मार्ग.

किती जागा घ्यावी

विंडोज आणि नेहमीचे प्रोग्राम मिळून साधारण ५० ते ६० जीबी जागा खातात. उरलेली जागा तुमच्या सामानासाठी. हिशोब असा करा.

मोबाइलवरचा एक फोटो ३ ते ५ एमबीचा. म्हणजे १०,००० फोटो धरले तरी ४० जीबीच्या आसपास. तासाभराची जुनी कॅसेट चांगल्या प्रतीत कॉम्प्युटरवर घेतली तर ६०० एमबी, एमपी३ केली तर ६० एमबीच्या आत. दोन तासांची लग्नाची व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीसारखी केली तर ४ जीबीच्या आसपास. सगळ्यात जास्त जागा मोबाइलचे व्हिडिओ खातात.

यावरून ठरवा. फक्त इमेल, बातम्या, व्हिडिओवर बोलणं आणि थोडे फोटो असतील तर २५० जीबी पुरते. बहुतेक घरांना ५०० जीबी बरोबर बसते. घरभरचे फोटो, कीर्तनाच्या कॅसेटी, लग्नाच्या फिल्म हे सगळं एकाच जागी ठेवायचं असेल तर १ टीबी, म्हणजे १,००० जीबी घ्या. त्याहून मोठी घ्यायचं सहसा कारण नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ५०० जीबीची डिस्क बसवली की विंडोज ४६५ जीबी दाखवतं. कोणी फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, म्हणून आकडा कमी दिसतो. दुसरं, एसएसडी कधी गच्च भरू नये. दहा ते वीस टक्के जागा मोकळी ठेवली तर तिला आतली आवराआवर करायला वाव राहतो आणि वेगही टिकतो.

वेष्टनावरचे शब्द कसे वाचावे

औषधाच्या खोक्यावर नाव मोठं आणि कामाची माहिती बारीक अक्षरात असते. इथेही तसंच. चष्मा लावून पुढच्या गोष्टी बघा.

वेग. सॅटाची एसएसडी सेकंदाला ५५० एमबीपर्यंत वाचते. एनव्हीएमईमध्ये ३,५०० ते ७,००० आणि त्याहून मोठेही आकडे लिहिलेले असतात. हे आकडे मोठ्या फाइली सलग वाचण्याचे. फिल्म बनवणाऱ्यांना त्याचा उपयोग. हार्ड डिस्कवरून साध्या सॅटा एसएसडीवर आलात की जमीन-अस्मानाचा फरक कळतो. सॅटावरून एनव्हीएमईवर गेलात तर आपल्या कामात तो फारसा कळत नाही. म्हणून वेगाच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

चिपेची जात. टीएलसी किंवा क्यूएलसी असं लिहिलेलं असतं. टीएलसीत एका खणात तीन गोष्टी ठेवतात, क्यूएलसीत चार. खण जितका दाटीने भरला तितकी झीज लवकर आणि लिहिण्याचा वेग कमी. किमतीत थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्या.

टीबीडब्ल्यू. आयुष्यभरात एकंदर किती माहिती लिहिली तरी कंपनी जबाबदारी घेते, त्याचा हा आकडा. ५०० जीबीच्या चांगल्या डिस्कवर तो बऱ्याचदा १५० ते ३०० टीबी असतो. 'एसएसडी लिहून लिहून संपते' असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत, आणि आपण त्याच्या पावपटही लिहीत नाही, तरी १५० टीबी संपायला वीस वर्षं लागतील.

हमी, म्हणजे 'अहरायुत'. चांगल्या मालावर तीन किंवा पाच वर्षांची असते. पाच वर्षांची मिळाली तर तीच घ्या. 'हेश्बोनित' किंवा 'काबाला' जपून ठेवा आणि तिचाही फोटो काढा, कारण दुकानातल्या कागदावरची शाई वर्षभरात उडून जाते.

कंपनी. सॅमसंग, सॅनडिस्क, किंग्स्टन आणि तोशिबाच्या मेमरी विभागातून झालेली किऑक्सिया ही नेहमीची नावं. यातलं कोणतंही चालेल, हमी इथे मिळते एवढं बघून घ्या.

फार स्वस्त माल

इंटरनेटवर '१६ टीबीची बाहेरून लावायची एसएसडी' जेवणाच्या किमतीत दाखवतात. अशा डबीत बऱ्याचदा मोबाइलमधलं छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा दाखवायची युक्ती केलेली असते. वाईट भाग पुढेच आहे. फोटो चढवताना सगळं ठीक दिसतं, नावंही दिसतात. खरी जागा संपली की नवीन फोटो जुन्यांच्या डोक्यावर लिहिले जातात, आणि उघडायला गेलं की काही उघडत नाही. तोवर मूळ फोटो पुसलेले असतात. म्हणून डिस्क ओळखीच्या दुकानातूनच घ्या, आणि वापरलेली एसएसडी कोणी स्वस्तात दिली तरी घेऊ नका.

बदलण्याआधी

ऑपरेशनच्या आधी जशी तयारी असते, तशी इथेही आहे.

आधी सगळ्या महत्त्वाच्या वस्तूंची प्रत दुसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर काढा. ती उघडून बघा. चार-पाच फोटो आणि एखादी चिठ्ठी खरंच उघडते, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय प्रत झाली म्हणू नका.

जुनी डिस्क टक-टक आवाज करत असेल किंवा फाइली उघडताना अडकत असेल तर ती शेवटच्या घटका मोजते आहे. मशीन सारखं चालू-बंद करू नका. सगळ्यात मोलाच्या वस्तू आधी उतरवून घ्या, बाकीचं नंतर. एकच प्रत असेल आणि ती फार मोलाची असेल तर डिस्क तशीच बंद करून जाणत्या 'तेखनाई'कडे द्या.

नंतर विचारा की क्लोन करणार की नवीन विंडोज टाकणार. क्लोन म्हणजे जुनं घर सामानासकट जसंच्या तसं नव्या जागी उचलून ठेवणं. पडदा ओळखीचा राहतो, प्रोग्राम राहतात. आपल्या वयाला हे सोयीचं. विंडोजमध्येच गडबड असेल तर मात्र स्वच्छ नवीन टाकणं बरं. नवीन टाकलं तरी विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागत नाही, कारण परवाना साधारणपणे मशीनच्या बोर्डाशी बांधलेला असतो. कोणी त्याचे वेगळे पैसे मागितले तर कशाचे, ते विचारा.

आणखी एक. पुष्कळ लॅपटॉपमध्ये बिटलॉकर नावाचं कुलूप आपोआप लागलेलं असतं. त्याची ४८ आकडी किल्ली असते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. डिस्कला हात लावण्याआधी ती कागदावर लिहून घ्या. काम करताना कॉम्प्युटरने ती मागितली आणि ती नसेल, तर आतलं काहीही कोणाला काढता येत नाही.

बसवून झाल्यावर रोजचं काही करावं लागत नाही. जुन्या डिस्कसाठी डिफ्रॅग करायची सवय असेल तर ती सोडून द्या, एसएसडीला त्याची गरज नाही. आतली आवराआवर विंडोज स्वतःच ठरावीक दिवसांनी करतं.

एसएसडी न सांगता जाते

हा भाग नीट वाचा. हार्ड डिस्क बिघडताना बहुतेक वेळा कण्हते. आवाज येतो, काम मंदावतं, आपल्याला थोडा वेळ मिळतो. एसएसडी गेली तर अनेकदा एका क्षणात जाते. रात्री नीट बंद केलेली सकाळी कॉम्प्युटरला दिसतच नाही. तबकडीवरून माहिती खरवडून काढणारे तज्ज्ञ आहेत, पण चिपांमधून काढणं जास्त अवघड आणि महाग. चुकून पुसलेली फाइलसुद्धा एसएसडीवरून परत मिळणं कठीण, कारण पुसलेली जागा ती लवकरच खरोखर रिकामी करून टाकते.

आणि तिला कपाटात ठेवून विसरूही नका. चिपांमधला विजेचा भार वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर हळूहळू उतरतो. पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच जेडेक या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नवीन डिस्क त्याहून जास्त टिकवते, पण उन्हाळ्यात बंद खोलीत, माळ्यावर ठेवायची ही वस्तू नाही. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी साधी बाहेरची हार्ड डिस्क स्वस्त पडते. तीही वर्षातून दोनदा लावून बघायची.

नियम सोपा आहे, तीन-दोन-एक. आपल्या मोलाच्या वस्तूंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. म्हणजे एक कॉम्प्युटरच्या एसएसडीवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे. पाणी भरलं, आग लागली, चोरी झाली किंवा घाईने घर सोडावं लागलं, तर हीच घराबाहेरची प्रत कामाला येते. इथे राहणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

इंटरनेटवरची जागाही तिसरी प्रत म्हणून चालते. गूगल १५ जीबी मोफत देतं, अॅपल ५ जीबी. पण त्याचा पासवर्ड घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या. आपल्यानंतर खातं उघडलं नाही तर फोटो असून नसल्यासारखे.

काय काय जपायचं, त्याची यादी करा. आजी-आजोबांचे रेवदंडा, अलिबाग, पनवेलकडचे फोटो. कॅसेटीतले आवाज. जन्म, लग्न, आलियाचे कागद. आणि तब्येतीचे कागद. एमआरआय, सीटीच्या सीडी देतात, पण आता नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नसते. डॉक्टर दोन वर्षांनी "आधीचा फोटो दाखवा" म्हणतात, कारण गाठ वाढली की आहे तशी आहे, हे जुन्याशी तुलना केल्यावरच कळतं. म्हणून सीडी चालू आहेत तोवर त्यातलं सगळं फोल्डर उचलून डिस्कवर ठेवा आणि फोल्डरला तारीख आणि शरीराचा भाग असं नाव द्या.

जुन्या डिस्कचं काय करावं

लगेच टाकू नका. नवीन एसएसडी महिना-दोन महिने नीट चालली आणि सगळं सापडतं आहे अशी खात्री झाली, की मग बघा. जुनी डिस्क चांगली असेल तर तिला यूएसबीची डबी मिळते. अडीच इंची असेल तर साधी डबी पुरते, साडेतीन इंची असेल तर वेगळी वीज लागणारी डबी घ्यावी लागते. झाली तुमची बाहेरची डिस्क. वय झालेलं आहे, म्हणून तिला एकमेव प्रत मात्र करू नका.

टाकायचीच असेल तर आधी पूर्ण पुसा. फाइली कचऱ्याच्या डब्यात टाकून किंवा झटपट फॉरमॅट करून माहिती जात नाही. तेउदत झेहुतच्या प्रती, बँकेचे कागद, कुपत होलीमचे रिपोर्ट कोणीही काढू शकतो. हार्ड डिस्कवर पूर्ण लिहून पुसायचे प्रोग्राम आहेत. ते जमत नसेल तर दुकानात आपल्यासमोर ड्रिलने आरपार भोकं पाडून घ्या.

दुकानात न्यायची चिठ्ठी

हे कागदावर उतरवून घ्या आणि जाताना बरोबर न्या.

मशीनचं मॉडेल, आणि त्याच्या लेबलचा फोटो.
आत काय बसतं: अडीच इंची सॅटा, एम.२ सॅटा की एम.२ एनव्हीएमई.
जागा: ५०० जीबी, किंवा फोटो-व्हिडिओ जास्त असतील तर १ टीबी.
ओळखीची कंपनी, शक्यतो टीएलसी, अहरायुत तीन ते पाच वर्षं.
क्लोन करून देणार का, आणि डिस्कची किंमत सोडून मजुरी किती.
रॅम ४ जीबी असेल तर ८ करता येते का.
जुनी डिस्क मला परत हवी.
आणि आपल्यासाठी: प्रत काढली का? ती उघडून बघितली का?

शेवटच्या दोन प्रश्नांना 'हो' असेल तरच मशीन दुकानदाराच्या हातात द्या. 'नाही' असेल तर परत घरी या, दुकान उद्याही उघडं असेल.